भोळ्याच्या नावाची काडी

अश्विन शुद्ध द्वादशी, शके १८५५

लिही शालू. आधी हे लिही की वही माझी आहे आणि अक्षर सुनेचं आहे. मला अक्षर येत नाही. लहानपणी कोणी शिकवलं नाही, आणि आता या वयात मला शिकवायची कोणाची छाती नाही. शालू माहेराहून चार इयत्ता शिकून आली. तिच्या भावाने दिलेली ही वही तिच्या पेटीत लुगड्यांखाली पडून होती. मी म्हटलं, काढ बाहेर, अक्षरं गंजून जातील. दुपारी बाळ झोपलं की मी बोलते, तू लिही.

मी ‘मले’ म्हणते, ही ‘मला’ लिहिते. म्हणते, पुस्तकात असंच असतं. असू दे. पण दुसऱ्या कोणाचं बोलणं असेल तर ते त्याच्या तोंडचंच लिहायचं, असं मी बजावलं आहे. नाहीतर आमच्या संग्रामपूरची सगळी माणसं पुण्याची होऊन बसतील.

आता मुद्द्याचं. माझा लेक इंद्रभान परसात टिनाचा कोठा बांधणार म्हणतो, कपाशी भरायला. इथे शालूने नुसतं ‘इ’ लिहून टिंब दिलं होतं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणते. मी म्हटलं, नाव तोंडाने घ्यायचं नसतं. हाताला कुठे तोंड आहे? लिही सगळं. लिहिलं. कान लाल झाले आहेत, तेही लिही.

परस माझं आहे. कागदावर नाही, पण आहे. या घरात ओसरी पुरुषांची, माजघर देवांचं, चूल आता शालूची. मला राहिलं परस: विहीर, मोरी, कढीपत्त्याचं झाड आणि माझी बाज. तिथे बसून मी अर्ध्या गावाला नावं ठेवते आणि उरलेलं अर्धं गाव मला ऐकायला येतं. तिथे कपाशी भरली तर मी बसू कुठे, गाठोड्यावर?

विहिरीच्या काठाला, मोरीच्या तोंडाशी, यांनी लावलेली द्राक्षाची वेल होती. हिरवे, लांबट, गोड मणी यायचे. विहीर आटली त्या साली वेल गेली, आणि पुढच्या साली हे गेले. तेव्हापासून ती जागा मोकळीच आहे, आणि मोकळी जागा दिसली की इंद्रभानचे हात खाजवतात. परवा दसऱ्याचं सोनं द्यायला वाकला आणि वाकल्यावाकल्या कोठ्याचं बोलला. मी म्हटलं, मी तिथे वेल लावणार आहे.

“कोनती वेल?”

“तुझ्या आबाची.”

तो हसला. मग हसायचा थांबला. “बरं माय. आबाची वेल परत आन. पुढच्या दसऱ्याले ते मांडवावर चढली असन तर मी परसाले हात लावत नाही. नाही चढली तर मंग कुरकुर करायची नाही.”

“हाव. आन तू कुरकुर केली तर?”

“मी कायले करू?”

असं ठरलं. तोंडचं बोलणं तो विसरतो, म्हणून लिहून ठेवलं.


अश्विन पौर्णिमा

वेल गेली पण तिचा वंश आहे. यांनी हयातीत आमच्या शेजारच्या जळगावच्या, मोठ्या शहराच्या नव्हे, एका मित्राला तिच्या काड्या दिल्या होत्या. मित्राच्या बागेत त्या अजून आहेत. दोघांचं नाव एकच, म्हणून तर मैत्री जमली. एकाने हाक मारली की दोघे वळायचे.

घोटाळा तिथेच आहे. यांचं नाव मी घेत नाही, मग त्या मित्राचं तरी कसं घेऊ? शालूचे ते सासरे, म्हणजे तिचीही तीच गत. इंद्रभानला सांगता येईल, पण तो सध्या समोरच्या बाजूचा आहे.

फकीर मोहम्मद बागवान आमच्या मागच्याच आळीत राहतो. भाजीची गाडी घेऊन नांदुऱ्याच्या टेसनाला जातो, जळगाव वाटेतच लागतं. त्याला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी न देता बोलावूनच सांगितलं.

“काड्या आनतो काकी, पन कोनाच्या बागेतून?”

“ज्याले बेल वाहतात ना, त्या देवाच्या नावाचे हायेत ते.”

“आता मले काय मालूम? तुमचे देव का एक हायेत?”

“भोळा रे बापा. भोळ्याच्या नावाचे.”

“भोला?”

“हाव, भोळा.”

त्याने डोळे मिटून विचार केला आणि मान डोलावली. “समजलं. वाट जराशी वाकडी होईन, पन तुमच्यासाठी जाईन.”

बाग नदीकडे आत आहे, तेव्हा वाट वाकडी होणारच. पोरगा हुशार आहे. त्याची बायको सरवरी उगीच त्याला दिवसभर बोलत असते.


अश्विन वद्य षष्ठी

काड्या आल्या. ओल्या तरटात गुंडाळलेली पेंढी, बोटाएवढ्या जाड काड्या. फकीर मोहम्मदने माळ्याचा निरोप सांगितला: सरळ काप खाली, तिरपा काप वर. उलटी लावली तर उगवत नाही. प्रत्येक काडीचे दोन डोळे मातीत, एक उजेडात.

मी म्हटलं, माझंही तसंच आहे, निम्मी मातीत गेले आहे, एकच डोळा उजेडात आहे. शालू हसली. फकीर मोहम्मदला कळलं नाही, तो म्हणाला, काकी, वैद्याला दाखवा.

मोरीशेजारी वाफा केला. तळ्यातला गाळ, वाळू, जुनं शेणखत. काड्या मी लावल्या, सावलीला वरून पऱ्हाट्या टाकल्या. इंद्रभान ओसरीवरून पाहत होता. त्याच्याच कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत.

मी विचारलं, माळी भला माणूस आहे ना? फकीर मोहम्मद म्हणाला, “लय भला. तुमचं नाव सांगतलं तर म्हने, मी बाईले ओळखत नाही, पन काड्या घ्या.” यांचा मित्र मला ओळखत नाही म्हणाला! माझ्या हातचं किती वेळा जेवला आहे. बागेवरचा गडी असेल. म्हातारा आता कुठे बागेत उभा राहतो.


कार्तिक शुद्ध अष्टमी

फुटल्या! डोळे फुगले होते ते आज उघडले. चिमणीच्या जिभेएवढी पानं, कडेला लालसर.

इंद्रभानला हाताला धरून नेलं. वाकून पाहिलं त्याने. “आबाच्या वेलीले अशीच लाल पालवी होती का माय?”

मी म्हटलं, हो. खरं म्हणजे मला आठवत नाही. पण तो इतक्या हळू आवाजात विचारत होता की नाही कसं म्हणायचं.


मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

रोज लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज आहे, आणि चांगलं नाही.

पानं सुकली. आधी कडा, मग सगळं पान. निम्म्याहून जास्त काड्या गेल्या. सरवरी येऊन बसली. म्हणाली, “काकी, पयलं पान काडी आपल्या पोटातलं खाऊन काढते. खाली मुळी नाही फुटली तर पोटातलं सरलं का पान गेलं.” मी म्हटलं, हे आधी सांगायचं. म्हणाली, “तुम्ही पेढे वाटून राह्यल्या होत्या, कसं सांगू?”

पेढे नव्हते, गूळ होता. पण वाटला होता हे खरं.

मग मला राहवलं नाही. एक हिरवी काडी उपटून पाहिली, मुळी आहे की नाही. होती. पांढरी, केसासारखी. पुन्हा लावली. शालू म्हणते, आत्याबाई, आता ती मरेल. मी म्हटलं, माझ्या हातची आहे, मरणार नाही.


मार्गशीर्ष वद्य एकादशी

मेली.

ज्या राहिल्या आहेत त्यांना मी हात लावणार नाही. इंद्रभान जाता जाता म्हणाला, “माय, टिन सांगून ठेवू का?” मी म्हटलं, सांग. टिनाला गंज चढेल तोवर माझी वेल येईल. दसरा काही उद्या नाही.


माघ शुद्ध दशमी

शेळीने खाल्ल्या त्या खाल्ल्या. कोणाची शेळी ते लिहू नको, आपलीच होती.

एक राहिली. सगळ्यांत बारकी, वाफ्याच्या कोपऱ्यातली, जिच्याकडे मी पाहतही नव्हते. आज ती मुळांच्या गोळ्यासकट काढून यांच्या वेलीच्या जागी लावली. खड्डा शालूने खणला, बाळ माझ्याजवळ देऊन. खाली राख आणि खत. काडीजवळ बांबू रोवून सुतळीने सैल बांधली.

शालू म्हणाली, “एकच हाय आत्याबाई.” मी म्हटलं, मलाही एकच झाला, आणि तो केवढा डोक्यावर बसला आहे बघ. एक पुरतं.


चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८५६

पाडवा. गुडघे धरले आहेत. विहिरीवरून पाणी ओढणं मला होत नाही. शालू बाळाला कडेवर घेऊन घरादाराचं पाणी भरते, तिला आणखी दहा पोहरे कुठे सांगू? वेलीला सांजेला एक तांब्या घालते, तेवढंच.

पण वेलीचं नशीब चांगलं आहे. सकाळी पाहावं तर आळं ओलं असतं. आपला पोहरा गळका आहे, विहिरीवरून येता येता तिथेच गळतो. चांगलं पाणी वाया जातं म्हणून इंद्रभानला म्हटलं, बाजारात नेऊन पोहऱ्याला डाग लावून आण.

“गळू दे माय,” म्हणाला.

आळशी आहे. शालू, हसायला काय झालं? ती का हसते ते सांगत नाही आणि लिहीतही नाही.


अधिक वैशाख शुद्ध पंचमी

यंदा वैशाख दोन आहेत. वऱ्हाडाला एक पुरत नव्हता. सातपुड्याकडून वारं येतं ते भट्टीतलं. पानं दुपारी मान टाकतात, सकाळी उचलतात.

पण अधिकाचा मला फायदा झाला. इंद्रभानने मुदत घातली तेव्हा हा महिना त्याच्या ध्यानात नव्हता. दसरा एक महिना लांब गेला. आज त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मले माहीत होतं.” थापा मारतो.


ज्येष्ठ वद्य द्वितीया

विहिरीला पाणी गुडघाभर. गावात सगळ्यांचीच ओरड. तरी आळं ओलं. पोहऱ्याचं भोक मोठं झालं असावं.


आषाढ शुद्ध द्वादशी

वेल सुटली. दिवसाला वीतभर. बाजूचे फुटवे मी नखाने खुडते, एकच शेंडा वर चढू देते. शेंडा असा वळतो जणू धरायला काही शोधतो आहे. बोट पुढे केलं तर बोटालाही धरेल.

पानांवर बारके काळे भुंगे आले, चाळणी करून टाकली. मी ठरवलं की सकाळी उठून राख मारायची. सकाळी पाहते तर पानांवर राख. शालूला विचारलं, तू का? म्हणाली, नाही. चुलीची राख वाऱ्याने उडून आली असेल. चूल घराच्या पुढच्या अंगाला आहे, पण वाऱ्याचं काय सांगावं.


श्रावण शुद्ध पंचमी

चढली. बल्ल्या रोवून घातलेल्या नव्या मांडवाच्या पहिल्या बल्लीला वेलीने तणावा गुंडाळला. मी बाजेवर झोपून खालून पाहत होते. इंद्रभानला हाक मारली नाही. दिसेल त्याला. डोळे आहेत.


भाद्रपद वद्य सप्तमी

आज यांची तिथी. पितरांचं जेवण. सालाबादप्रमाणे जळगावचे मित्र आले. गाडीतून उतरायला दोन माणसं लागली, पण जेवले चांगले. वडे चार वेळा मागितले.

जेवण झाल्यावर मी त्यांना परसात नेलं. वर्षभर हा दिवस मनात होता. मांडवाखाली खुर्ची ठेवली, इंद्रभानही येऊन उभा राहिला. मी म्हटलं, बघा, तुमची वेल.

त्यांनी वर पाहिलं. एक पान धरून उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

“वहिनी, ही वेल कुठची?”

“तुमच्या बागेतली.”

“माझ्या वेलीचं पान सपाट आहे. ह्याच्या खाली लव आहे, आणि चिरा किती खोल आहेत. ही माझी नाही.” मग म्हणाले, “तुमची वेल गेली, तुम्ही कधीतरी काड्या मागाल म्हणून मी मागच्या छाटणीला एक पेंढी बाजूला ठेवली होती. कोणी आलंच नाही.”

मी फकीर मोहम्मदला बोलवायला शालूला पिटाळलं. तो हात पुसत आला.

“तू काड्या कोठून आनल्या बे?”

“वडनेरहून.”

“कोनतं वडनेर?”

“वडनेर भोलजी! तुम्हीच बोलल्या ना काकी, भोल्याच्या नावाचं. मी इचारलं, भोला? तुम्ही म्हनल्या, हाव. नांदुऱ्याच्या पुढं कोस दोन कोस जादा गेलो मी.”

पाहुणे आधी हसले. “अरे, भोळा म्हणजे महादेव! महादेवराव, मी! माझं नाव आहे ते.”

फकीर मोहम्मदने कपाळाला हात लावला. “मंग जळगाव तरी म्हनाचं, नाहीतर नाव सांगाचं ना काकी!”

“कसं सांगू? ते याच्या आबाचंई नाव हाय.”

“आता तर आलं ना समद्याईच्या तोंडात?”

“तुझ्या तोंडात आलं. माझ्या नाही.”

सगळे हसत होते. मीही हसणार होते, तेवढ्यात इंद्रभानकडे नजर गेली. तो हसत नव्हता. तो वेलीच्या बुंध्याकडे पाहत होता.

“माय,” म्हणाला, “मी वर्षभर पहाटे उठून पानी घातलं. विहिरीले गुडघाभर पानी असतानी घातलं. अंघोळीचं पानी वाचवून घातलं. आबाची वेल म्हनून.” त्याचा आवाज चढला. “आन हे वडनेरची! कोन्या अनोळखी मान्साची!”

मग पाहुण्यांसमोरच म्हणाला, “ठरलं होतं ते आबाच्या वेलीचं. हे आबाची नाही. दसऱ्याले कोठ्याचा पाया खनतो.” आणि गेला.

शालू, हे लिहिताना थांबू नको. तुला सगळं माहीत होतं. पोहरा गळका नव्हता, हे तू मला सांगायला पाहिजे होतं. म्हणते, त्यांनी शपथ घातली होती.


भाद्रपद वद्य अष्टमी

आज मी काही सांगणार नाही.

बरं, एवढं लिही. मी वर्षभर त्याला समोरच्या बाजूचा समजले.


भाद्रपद वद्य अमावास्या

जळगावाहून निरोप आला: छाटणी झाली की खऱ्या काड्या पाठवतो. फकीर मोहम्मद म्हणाला, या वेळी मी फुकट आणून देतो, माझी चूक. मी म्हटलं, चूक कोणाचीच नाही. माझ्या तोंडाची आहे, आणि तेही माझ्या आईने असंच घडवलं.

सरवरी म्हणाली, “ही उपटा आन त्या जागी दुसरी लावा. मंग इंद्रभानभाऊ काय म्हनतीन?” मीही दुपारभर तेच घोळवत होते. खऱ्या काड्या लावीन, पुन्हा मुदत मागेन. पण संध्याकाळी खाली बसून बुंधा पाहिला. माझ्या अंगठ्याहून जाड झाला आहे. जिला शेळीने सोडलं, दोन वैशाखांनी सोडलं, तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की बाई, तू ती नव्हेस?

उपटणार नाही. आणि परसही देणार नाही. कसं, ते अजून ठाऊक नाही.


अश्विन शुद्ध चतुर्थी

घट बसले आहेत. इंद्रभान माझ्याशी बोलतो ते ‘हाव’ आणि ‘नाही’ एवढंच. पहाटे विहिरीवर जात नाही. मी जागी असते, मला कळतं. रहाट वाजत नाही.

काल आळं कोरडं होतं. मी काठी टेकत विहिरीपर्यंत गेले आणि अर्धा पोहरा ओढला. गुडघ्यांनी माझा चांगलाच समाचार घेतला. पाणी घालून वर पाहिलं तर इंद्रभान ओसरीच्या दारात. मला वाटलं येऊन पोहरा घेईल. आला नाही. पण गेलाही नाही, मी बाजेपर्यंत पोचेपर्यंत तिथेच उभा होता.


अश्विन शुद्ध दशमी

दसरा. आता सावकाश लिही, आज मला काही गाळायचं नाही.

सकाळी कारभारी गवंडी दोन माणसं घेऊन आला. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. सुतळी बरोबर बुंध्याच्या अंगाला लागून गेली. मी बाज मांडवाखालीच ठेवली होती आणि बाळाला घेऊन त्यावर बसले होते. बाजेचे दोन पाय सुतळीच्या आत.

“आजी, सरकता का?” कारभारी म्हणाला.

“थांब बे जरासा. इंद्रभान, इकडं ये. हे वेल कोनाची हाय?”

“मले काय इचारतं? वडनेरच्या माळ्याची.”

“त्यानं काडी देल्ली. वेल नाही देल्ली. काडी तर चुलीतई जाते. दोन वैशाख पानी कोनं घातलं?”

तो पायाच्या अंगठ्याने सुतळी दाबत राहिला.

“राख कोनं मारली?”

“मी. पन आबाची समजून.”

“समजून कोनाचीई मारली असन. राख तर तुझ्याच हातची होती ना? तुझ्या आबाची वेल आबासंगं गेली. मले वाटलं होतं मी तिले परत आनीन. कोनी येत नाही परत. हे नवी हाय. हे तू वाढवली, तुझी हाय.” मी बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. “आपलं रान, आपली कपाशी, समदं तुले आयतं भेटलं. हे नाही भेटलं. तुले उपटायची असन तर उपट. पन सोता उपट. कारभाऱ्याले नको सांगू.”

कारभारी म्हणाला, “मले एवढंच सांगा बाप्पा, खनू का नको? ऊन चढून राह्यलं.”

इंद्रभान बुंध्यापाशी गेला. वर मांडवावरून एक फुटवा सुटून खाली लोंबत होता, कालच्या वाऱ्याने. तो त्याच्या खांद्याला लागला. त्याने तो हातात धरला. बाळ माझ्या मांडीवर चुळबुळ करत होतं. मग त्याने वाकून पायाजवळची खुंटी उपटली, तिची सुतळी दाताने तोडली आणि तेवढ्या तुकड्याने फुटवा बल्लीला बांधला. गाठ सैल ठेवली. वेलीची गाठ सैल ठेवायची, हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं.

“कारभारी,” म्हणाला, “कोठा गोठ्यामागं घेऊ. तिकडं चाल.”

कारभाऱ्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. गेली माणसं.

मग इंद्रभान सोनं द्यायला वाकला. “माय, तू वकील पायजे होती.”

“अक्षर येत नाही म्हनून तू वाचला.”

“गोठ्यामागं ऊन लय लागीन कोठ्याले.”

“मंग महादे—” एवढं माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभ चावली. शालूने डोळे मोठे केले. इंद्रभान एवढ्याने हसला की बाळ रडायला लागलं. “मंग जळगावच्या काड्या तिकडं लाव,” मी म्हटलं. “कोठ्यावर सावली होईन.”


अश्विन वद्य तृतीया

आज पहिली छाटणी. इंद्रभानने कोयता चालवला, मी बाजेवरून शिव्या दिल्या. निघालेल्या काड्यांची शालूने पेंढी बांधली, सगळे सरळ काप एका अंगाला.

फकीर मोहम्मद आला. सरवरीला तिच्या दारात वेल लावायची आहे.

“काकी, आता कोनी इचारलं का वेल कोनती, तर काय सांगू? वडनेरची का जळगावची?”

“संग्रामपूरची,” मी म्हटलं. “इंद्रभानची वेल.”

“नाव पक्कं?”

“पक्कं. इंद्रभानची. पुन्हा सांगते, इंद्रभानची. पायजे तर मांडवावर चढून सांगते.”

जन्मभर नवऱ्याचं नाव गिळलं, सासऱ्याचं गिळलं, दिरांची गिळली. या एका वेलीचं नाव मला आळीभर ओरडून घेता येतं. तीन वेळा घेतलं. चौथ्यांदा घेतलं तेव्हा इंद्रभान कोयता टाकून घरात गेला.

आणि आता शालूने लिहिणं थांबवून मला विचारलं आहे, “आत्याबाई, तुमचं झालं. पन या वेलीले मी काय म्हनू?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, ते तुझं तू बघ. पण फकीर मोहम्मदला काही आणायला सांगशील, तेव्हा आधी मला हाक मार.